शब्द काढला की बाहेर

२० फेब्रुवारी

नकटे,

सहा वर्षांनी लिहितेय म्हणून वर 'प्रिय' आणि खाली 'तुझीच' असलं काही येईल, ही आशा ठेवू नकोस. परवाना कार्यालयाचा लखोटा आज दुपारी आला. माझ्या काचेच्या नळ्यांच्या दुकानाला नवा परवाना देऊ नये अशी हरकत आली आहे, आणि हरकत घेणारी कोण, तर माझी सख्खी धाकटी बहीण. सही बघताक्षणी ओळखली. खाली दोन रेघा, शेवटी टिंब. शाळेची मुख्याध्यापिका झालीस तरी सही चौथीतलीच राहिली.

मुंगी गेल्याचं मला कसं कळलं, माहीत आहे? दुकान तपासायला येतो त्या चष्मेवाल्या तपासनिसाकडून. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "बाई, तुमची कोणी भाची होती का हो?" होती का हो! एकवीस वर्षांची पोर भाड्याच्या खोलीत नशेच्या पावडरीनं मरून पडते, तीन दिवस कुणाला पत्ता लागत नाही, आणि सख्ख्या मावशीला ते सांगतो एक सरकारी माणूस, वजनकाट्यावरची धूळ बोटानं पुसत पुसत. माझा नंबर तुझ्याकडे होता. नसता, तर दुकानाच्या पाटीवर हातभर मोठा लिहिलाय.

तुझी हरकत दोनदा वाचली. खोलीत काचेची नळी सापडली, तिच्या बुडाशी निळा ठिपका आहे, निळा ठिपका फक्त माझ्या दुकानातल्या मालावर असतो, म्हणजे मी तिला ती विकली, म्हणजे मी तिला मारलं. तुझ्या वर्गातल्या पोरींनी असं गणित सोडवलं तर पूर्ण गुण देतेस का गं? माझ्यासाठी काच फुंकणारे भट्टीवाले काका तीस वर्षं प्रत्येक नगावर निळा ठिपका लावतायत. गावभर पसरलेत ते ठिपके. कुणाच्या शोकेसमध्ये असतील, कुणाच्या गादीखाली असतील.

एक गोष्ट स्वच्छ सांगते. मुंगी माझ्या दुकानात आली नव्हती. सहा वर्षांत एकदाही नाही. तूच तिला शपथ घातली होतीस ना, मावशीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणून? पोरीनं पाळली शपथ. आता तूच म्हणतेस, ती आली होती.

सुनावणी आठ एप्रिलला आहे. तोवर हरकत मागे घे. आमचे हे गेल्यापासून या दुकानात मी एकटी उभी आहे, आणि मागच्या दोन खोल्यांत राहते तेही दुकान आहे म्हणून. परवाना गेला की दोन्ही गेलं. साठीला आलेल्या बाईला रस्त्यावर काढून तुझी मुलगी परत येणार असेल, तर खुशाल काढ.

ताई


३ मार्च

नकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. "तिच्या खिशात बारा जानेवारीचं बसचं तिकीट होतं, तुझ्या चौकापर्यंतचं. ती तुझ्याकडे आली होती का?" ना ताई, ना बाई. प्रश्नपत्रिका काढल्यासारखं लिहिलंस.

माझ्या चौकात काय फक्त मीच बसते? दातांचा डॉक्टर आहे, चपलांचं दुकान आहे, बँक आहे. बस तिथे थांबते तो माझा दोष का? एकवीस वर्षांच्या मुलीला दात नसतात का?

आणि समजा, आली असती तरी काय, ते ऐक. तुम्हा शाळेतल्या लोकांना नियमांची भारी हौस, म्हणून सांगते. काचेची नळी ही नुसती काचेची नळी असते. ती गुन्हा कधी होते? गिऱ्हाईक तोंड उघडतं तेव्हा. गिऱ्हाईक म्हणालं "तंबाखूसाठी", तर तंबाखूची. म्हणालं "टेबलावर ठेवायला", तर टेबलावरची. पण त्यानं पावडरचं नाव घेतलं, नुसतं नाव, की त्या क्षणापासून मला त्याला काही विकता येत नाही. विकलं तर परवाना रद्द. म्हणून आमच्या धंद्यात एकच शिकवण, ह्यांनी पहिल्या दिवशी मला दिलेली: शब्द काढला की बाहेर. वाद नाही, समजावणं नाही, "अहो काय बोलताय" नाही. बोट दाराकडे आणि बाहेर.

त्यामुळे माझ्याकडे येणारे सगळे काय गोड खोटं बोलतात म्हणून सांगू! एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला येतात, नातीच्या बाहुलीघराला धुराडं हवं म्हणून. ती नात आता संसाराला लागली असेल. मी म्हणते, "बाहुलीचं घर बरंच वाढलेलं दिसतंय." तेही हसतात, मीही हसते, नळी कागदात जाते. मला कळत नाही का? मला सगळं कळतं. कळणं हा गुन्हा नाही, ऐकणं हा गुन्हा आहे. तुला हे घाणेरडं वाटत असेल. वाटू दे. नियम मी केला नाही, शहाण्या लोकांनी मोठ्या टेबलाभोवती बसून केलाय.

आता दुसरी बाजू. कार्यालय मुद्दाम गिऱ्हाईक पाठवतं. आम्ही त्याला पेरलेलं गिऱ्हाईक म्हणतो. बहुतेक तरुण मुलगीच असते, अंगानं बारीक, डोळे तांबारलेले. ती येऊन शब्द काढते आणि बघते, दुकानदार काय करतो. पलीकडच्या रस्त्यावरच्या टोपीवाल्याचं दुकान तसंच गेलं. मुलगी रडत आली, शब्द काढला. टोपीवाला मऊ मनाचा. विकलं काही नाही त्यानं. खुर्ची दिली, थंड पाण्याची बाटली दिली, "असं करू नये बाळ" म्हणाला. बाळानं बाटली पर्समध्ये टाकली आणि ओळखपत्र बाहेर काढलं. नियमात लिहिलंय, अशा व्यक्तीला दुकानातून कोणतीही वस्तू, विकत किंवा मोफत, द्यायची नाही. कोणतीही म्हणजे कोणतीही. टोपीवाला आता जावयाच्या घरी ओट्यावर बसून पेपर वाचतो, तोही कालचा.

तेव्हा माझ्याकडून मुंगीला काही मिळालं असेल हे डोक्यातून काढून टाक. माझ्याकडून कुणालाच काही मिळत नाही.

ताई


१९ मार्च

नकटे,

तू पाठवलेला फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. दुपारभर दुकान बंद ठेवलं.

ती नळी मी ओळखली. करंगळीएवढी, एका टोकाला हिरवं बूच. बूच आता मळलंय, पण हिरवं आहे. तसली बुचं आम्ही दहा वर्षांपूर्वीच बंद केली. ती फुलाची नळी आहे, नकटे. आत कागदाचं लाल गुलाबाचं फूल असायचं. "भेट म्हणून द्या" असं वर छापलेलं. मुंगीच्या दहाव्या वाढदिवसाला मी दिली होती. तू तेव्हा म्हणाली होतीस, "ताई, किती नाजूक आहे गं!" आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर, खिडकीजवळ, तूच ती ठेवली होतीस.

हो, मला तेव्हाही माहीत होतं लोक ती कशाला नेतात. फूल दुकानाबाहेरच्या गटारात पडायचं, नळी खिशात जायची. सकाळी पायरी झाडताना माझ्या केरसुणीत फुलंच फुलं. पण मुंगीला दिली ती फुलासाठीच दिली. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवूस. पोरीला लाल रंग आवडायचा आणि दुकानात दुसरं लाल काही नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मग पाच वर्षांनी तुझ्या शाळेत एका पोराच्या दप्तरात तसलीच नळी सापडली, फूल नसलेली. पोलिसांनी तुला समजावून सांगितलं ती काय वस्तू आहे. तू तशीच, शाळेच्या कपड्यांत, माझ्या दुकानात आलीस आणि दोन गिऱ्हाइकांसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. मला वाटलं, घरी जाऊन तू ती नळी फेकली असशील. तुला वाटलं, फेकली. पोरीनं कुठेतरी लपवून ठेवली. मावशीनं दिलेली म्हणून.

पण आता डोकं थंड ठेवून विचार कर. सुनावणीत मी हे हिरवं बूच दाखवलं की तुझी हरकत तिथेच संपली. नळी अकरा वर्षं जुनी आहे, विकलेली नाही, दिलेली आहे, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्याच घरात टेबलावर मांडलेली होती. हे मला भर सभेत सांगावं लागेल. शाळेची मंडळी येणार आहेत म्हणे तुझ्या पाठीशी. त्यांनाही ऐकू दे.

तेव्हा मागे घे. तुझीही अब्रू राहील, माझंही दुकान राहील.

एक विचारते. फूल कुठे आहे? खोलीत सापडलं का?

ताई


२ एप्रिल

नकटे,

"फूल तिच्या कंपासपेटीत होतं. सुनावणीत भेटू."

एवढंच लिहिलंस. मी ते वाक्य फडताळाच्या आतल्या बाजूला लावून ठेवलंय. का लावलंय ते विचारू नकोस.

म्हणजे हरकत मागे घेणार नाहीस. बुचाचंही तुला भय नाही. चष्मेवाला काल सांगून गेला की तुझ्या वकिलानं म्हटलंय, नळी जुनी असो की नवी, मुलगी बारा तारखेला दुकानात गेली होती आणि तिथून काहीतरी घेऊन गेली, तसं झालं नाही हे दुकानदारानं सिद्ध करावं. तिकीट आहे ना तुमच्याकडे.

ठीक आहे. मग ऐक. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ती आली होती.

बारा जानेवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. वेळ मला पाठ आहे कारण चित्रावर कोपऱ्यात घड्याळ आहे. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक दुकानात कॅमेरा लागतो, आवाजासकट, आणि चित्रण नव्वद दिवस ठेवावं लागतं. नव्वदाव्या दिवशी यंत्र ते आपोआप पुसतं. बारा जानेवारीचं चित्रण बारा एप्रिलला दुपारी पुसलं जाईल. मी काही न करता नुसती हातावर हात ठेवून बसले, तर ते गेलं.

त्यात काय आहे सांगते. मुलगी आत येते. केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली. काउंटरपाशी येते आणि पावडरचं नाव घेते. म्हणते, "मी घेते." मी बोट दाराकडे करते आणि म्हणते, "बाहेर. आत्ताच्या आत्ता." अकरा सेकंद. दुसरा कॅमेरा दाराबाहेर आहे, मुका. त्यात ती बाहेर पडताना दिसते, दोन्ही हात उघडे, रिकामे. माझ्या बाजूनं याहून स्वच्छ पुरावा देवानं येऊन दिला नसता.

मी ओळखलं नाही गं तिला. सहा वर्षांत पोर केवढी बदलते. मला वाटलं पेरलेलं गिऱ्हाईक. कुणालाही तेच वाटलं असतं.

म्हणून शेवटचं विचारते. हरकत मागे घेतलीस तर मी गप्प बसेन, बाराला यंत्र ते पुसेल आणि तुला तुझ्या मुलीला असं कधी ऐकावं लागणार नाही. नाही घेतलीस तर आठ तारखेला मी ते सगळ्यांसमोर लावीन. ही धमकी आहे का? हो, धमकी आहे. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

ताई


९ एप्रिल

नकटे,

काल जिन्यात मी न थांबता उतरून गेले, म्हणून आज लिहितेय.

परवाना मिळाला. तू शेवटपर्यंत थांबली नाहीस, म्हणून कळवते. तीन वर्षांचा.

ती खोली काय गरम होती! पंखा नुसता फिरत होता. तुझ्या शाळेतल्या दोन बाई रुमाल घेऊनच आल्या होत्या, रडायची तयारी करून. कार्यालयाचे मोठे साहेब पेढीवर बसल्यासारखे बसलेले. मी चित्रण दिलं. कार्यालयाला नियमाप्रमाणे नकाराचा भाग लागतो, शब्द काढल्यापासून नकार देईपर्यंत, आणि मग दारातून बाहेर जाताना. तेवढंच दिलं.

पडद्यावर मुंगी आली तेव्हा तू खुर्चीच्या हाताला धरलंस. मी पडद्याकडे पाहत नव्हते, तुझ्याकडे पाहत होते. पोरगी म्हणाली, "मी घेते." तुझ्या त्या दोन बायकांनी रुमाल तोंडाला लावले. मग माझा आवाज. माझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं. पत्र्यावर काही ओढावं तसा आहे.

आणि मोठे साहेब काय म्हणाले? "उत्तम. अगदी नियमाप्रमाणे." वर चष्मेवाल्याला म्हणाले की हे अकरा सेकंद जपून ठेवा, नव्या दुकानदारांच्या प्रशिक्षणात दाखवू, नकार कसा द्यावा याचा नमुना म्हणून. मान हलवून माझं अभिनंदन केलं. मी "आभारी आहे" म्हणाले. काय म्हणायला हवं होतं?

तू पुन्हा लावायला सांगितलंस. त्यांनी लावलं. तू म्हणालीस, आणखी एकदा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण लावलं. तिसऱ्यांदा मला कळलं की तू काही तपासत नाहीयेस, नुसता तिचा आवाज ऐकतेयस. मी तेव्हा उठून तुझ्याकडे आले असते. एक पाऊल टाकलंही होतं. तेवढ्यात तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी परत बसले.

मग तू म्हणालीस ते तुझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नसतं. वह्या तपासून तपासून नजर तयार झालेली. "ती आत आली तेव्हा घड्याळात तीन बारा आहेत, बाहेर पडली तेव्हा तीन सोळा. अकरा सेकंदांत नकार दिला, तर मधली चार मिनिटं ती कुठे होती?" साहेब म्हणाले, "बाई, विक्री झाली नाही एवढंच आम्हाला बघायचं आहे." आणि फाईल मिटली.

निकाल घेऊन मी बाहेर आले, तर जिन्यात थांबलेली तू माझ्या अंगावर आलीस. "तू मारलंस तिला," म्हणालीस. "ओळखलं होतंस तू. खरं सांग. त्या चार मिनिटांत काय झालं?" मी खाली बघून उतरत राहिले. तू वरून ओरडलीस, "बाराच्या आत मला ते सगळं पाहिजे, नाहीतर तू माझी बहीण नाहीस." सहा वर्षांपूर्वी हेच म्हणाली होतीस.

मागू नकोस, नकटे. मोठी बहीण म्हणून सांगतेय. या एका बाबतीत तरी ऐक. ती चार मिनिटं मी माझ्यासाठी दाबून ठेवलेली नाहीत.

ताई


१२ एप्रिल

नकटे,

काल संध्याकाळी तुझा वकील येऊन गेला. दुकानात गिऱ्हाईक असताना मोठ्यानं वाचून दाखवलं त्यानं: मी चित्रण दिलं नाही तर पोटच्या पोरीसारख्या भाचीच्या मृत्यूला जबाबदार म्हणून तू माझ्यावर फिर्याद करणार. शेवटची ओळ तुझी स्वतःची होती. "मी तिची आई होते. तिचं माझ्या घरात सगळं चांगलं चाललं होतं. तुझ्यासारख्या बाईची सावली पडली म्हणून ती गेली."

सगळं चांगलं चाललं होतं? बरं.

आज दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी यंत्रानं ते चित्रण पुसलं. मी समोर स्टूल ओढून बसले होते. प्रत काढली नाही. आवाज नाही, काही नाही, यादीतली एक ओळ होती ती नाहीशी झाली. आता ती चार मिनिटं फक्त माझ्या डोक्यात आहेत. तुला हवी होती ना? घे.

ओळखलं होतं. दारात पाऊल टाकलं तेव्हाच ओळखलं. दुकानाच्या तीन पायऱ्या ती अजूनही मधली सोडून चढते, लहानपणी चढायची तशी. मी बोट दाराकडे केलं तेव्हा मला नक्की माहीत होतं मी कुणाला बाहेर काढतेय.

ती हलली नाही. म्हणाली, "मावशी, मी मुंगी." मी म्हटलं, "माहीत आहे. कुणी पाठवलं तुला?" आणि ती म्हणाली, "आईनं."

आता कळलं मी चार मिनिटं का दाबून ठेवली?

"आईनं सांगितलं, तुझ्या मावशीकडेच जा आता." मी हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. सहा वर्षं तू माझ्या दुकानाच्या नावानं बोटं मोडत होतीस. कार्यालयानं टोपीवाल्याला बुडवून महिना झाला नव्हता. समोरच्या फुटपाथवर एक माणूस फाईल घेऊन उभा होता. मला वाटलं, वा, नकटीनं पोटच्या पोरीलाच पेरलंय. कार्यालयाशी संधान बांधून पोरीला माझ्यावर सोडलंय. त्या माणसाकडे बघून मी मोठ्यानं बोलत राहिले, त्याला ऐकू जावं म्हणून. तो दातांच्या डॉक्टरकडे आलेला माणूस होता. गाल सुजलेला होता त्याचा. ते मी नंतर पाहिलं.

मुंगी म्हणाली, "मी सोडणार आहे मावशी. उपचाराच्या ठिकाणी नाव घातलंय, आठ दिवसांनी जागा होईल म्हणाले. आठ दिवस राहू दे मला. मागच्या खोलीत. खोलीवर एकटी राहिले की माझं मन ताब्यात राहत नाही." असंच म्हणाली, माझ्या शब्दांत नाही, तिच्या. मी म्हटलं, "छान पाठ केलंयस. आईनं घोकून घेतलं का?" ती म्हणाली, आईनं दारातूनच परत पाठवलं. शाळेची मंडळी चहाला बसली होती म्हणून आईनं दार लोटून घेतलं आणि दाराआडून सांगितलं, तुला असलीच संगत लागते ना, मग मावशीचं दुकान आहे, जा तिथे, इथे पाऊल टाकू नकोस.

तूच तिला पाठवलंस, नकटे. रागानं बोललीस, पण पोरीनं खरं मानलं. बसचं तिकीट काढून आली. तू तिला माझं नाव शिवी म्हणून दिलंस आणि ती पत्ता म्हणून घेऊन आली.

आणि मी? मी म्हटलं, "जाऊन सांग तुझ्या आईला, जमलं नाही म्हणावं."

मग तिनं पाणी मागितलं. ओठ सुकले होते. माठ माझ्या हाताशी होता, पेला वर पालथा. कोणतीही वस्तू, विकत किंवा मोफत. मी पेल्याकडे पाहिलं, फुटपाथवरच्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि नाही म्हटलं. सख्ख्या भाचीला पाणी नाही म्हटलं. परवाना शाबूत राहिला. चौकटीत घालून भिंतीवर लावलाय, आत्ता लिहितानाही समोर दिसतोय. त्याच्याकडे बघवत नाही आणि काढवतही नाही.

दारापर्यंत जाऊन ती वळली. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, मी आले होते हे आईला सांगू नकोस हं. ती रागात बोलली होती. मी खरंच आले म्हटल्यावर तिला फार वाईट वाटेल."

तीन महिने मी पोरीचं एवढं एक ऐकलं. तुझी हरकत सोसली, भर जिन्यात खुनी म्हणवून घेतलं आणि खाली मान घालून उतरले. काल तू लिहिलंस, तुझ्या घरात सगळं चांगलं चाललं होतं. तेव्हा वाटलं, मी तिला खोली दिली नाही, पेलाभर पाणी दिलं नाही, मग तिचं हेच एक का म्हणून ऐकायचं?

फिर्याद करायची तर कर. साक्षीला मी येईन, आणि मला विचारतील ते सगळं सांगेन.

ताई